बर्गन: पावसाच्या बंदरात, बेताच्या पैशांत

चिपळूणमध्ये वाढलेल्या माणसाला पावसाची भीती कुणी घालू नये, अशी माझी समजूत होती. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गनने ती पहिल्या दुपारी उतरवली. सप्टेंबर होता. आम्ही दोघी मैत्रिणी, दोन घडीच्या छत्र्या, जीन्स आणि कॅनव्हासचे बूट. बंदराच्या कोपऱ्यावर वाऱ्याचा एक झोत आला, माझी छत्री उलटी झाली आणि तिच्या दोन काड्या निखळल्या. ती टाकायला कचऱ्याच्या डब्यापाशी गेले, तर आत आणखी चार छत्र्या त्याच अवस्थेत पडलेल्या. पुढच्या पाच तासांत आम्ही दोनदा कॅफेत जाऊन बसलो, जिथे छप्पर दिसलं त्या संग्रहालयाचं तिकीट काढलं आणि कुडकुडत टॅक्सीने परत आलो. रात्री हिशेब मांडला तेव्हा कळलं की दिवसभरात आम्ही बर्गन पाहिलंच नव्हतं, नुसती छप्परं विकत घेतली होती.

या शहरात पैसा जातो तो पावसापासून पळण्यात. पावसात फिरता आलं तर इथल्या सगळ्यात चांगल्या गोष्टी जवळजवळ फुकट आहेत. म्हणून पुढची सगळी आखणी ‘पाऊस पडणारच’ हे धरूनच केली आहे.

आधी पाऊस समजून घ्या

बर्गनला वर्षाला साधारण २२०० ते २५०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे जवळजवळ मुंबईइतकाच. फरक असा की मुंबईचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि बर्गनचा वर्षभर पुरवून पुरवून पडतो. वर्षातले दोनशेहून जास्त दिवस ओले असतात. २९ ऑक्टोबर २००६ पासून २१ जानेवारी २००७ पर्यंत सलग ८५ दिवस इथे रोज पाऊस पडला, आणि बर्गनकर हे थोड्या अभिमानानेच सांगतात. कारण आपल्या ओळखीचं आहे. समुद्रावरून बाष्प घेऊन आलेला नैर्ऋत्येचा वारा डोंगरांना अडतो, वर चढतो, थंड होतो आणि ओझं टाकतो. सह्याद्री कोकणाला भिजवतो तसेच इथले सात डोंगर शहराला भिजवतात.

हवामानशास्त्राची एक मोठी शाळाच या पावसात तयार झाली. १९१७ साली विल्हेल्म ब्यर्कनेस बर्गनला आले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थंड आणि उबदार हवेच्या सीमारेषेला ‘फ्रंट’ हे नाव दिलं. पहिल्या महायुद्धाच्या आठवणी ताज्या होत्या, शब्द रणांगणावरून आला. तुमच्या कामाची गोष्ट अशी की असे फ्रंट एकामागून एक येतात आणि दोघांच्या मध्ये उघडीप मिळते. ही उघडीप कधी वीस मिनिटांची, कधी दोन तासांची. फोनवर ‘यर’ हे नॉर्वेजियन हवामान अॅप घ्या आणि सकाळी तासातासाचा अंदाज पाहा. दिवसाचा सरसकट अंदाज पाहून काही उपयोग नाही, तिथे बहुधा ढग आणि थेंबच असतात.

कधी जावं

एप्रिल ते जून हा त्यातल्या त्यात कोरडा काळ. माझा कौल मेच्या उत्तरार्धाला. दिवस मोठा असतो (जूनमध्ये तर एकोणीस तास उजेड), झाडं नुकती पालवलेली असतात, जुलैची गर्दी आलेली नसते. दोन अडचणी आहेत. १७ मे हा राष्ट्रीय दिवस. मिरवणूक आणि पारंपरिक पोशाखातली माणसं पाहण्यासारखी, पण दुकानं बंद आणि खोल्या भरलेल्या. दुसरी म्हणजे मेअखेरीला सुरू होणारा, १९५३ पासून चालत आलेला संगीत-नाटकांचा मोठा महोत्सव. तेव्हा राहण्याचे दर चढतात. तारखा पाहून मधला आठवडा पकडा.

सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत पाऊस सगळ्यात जास्त. डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम सहा तासांचा. तेव्हा खोल्या स्वस्त मिळतात, पण अंधार आणि पाऊस एकत्र आले की माणूस पुन्हा छप्पर शोधायला लागतो आणि वाचलेले पैसे तिथे जातात.

व्हिसा आणि पैसे

नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या शेंगेन गटात आहे. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यासाठी जायचं असेल तर मार्च-एप्रिललाच कागद गोळा करा. किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. खर्चासाठी माणशी दिवसाला ५०० क्रोनर तरी आहेत, हे बँकेच्या कागदांवरून दिसावं लागतं.

एक क्रोनर म्हणजे साधारण आठ-नऊ रुपये. रोख रक्कम बदलून नेण्याची धडपड करू नका. भाजीच्या दुकानापासून सार्वजनिक स्वच्छतागृहापर्यंत सगळीकडे कार्ड चालतं. परकीय चलनावर कमी शुल्क लावणारं एक कार्ड आणि अडीनडीला दुसरं, एवढं पुरे. ‘व्हिप्स’ नावाची तिथली फोनवरून पैसे देण्याची सोय जागोजागी दिसेल. ती तिथल्या रहिवाशांसाठी आहे, तिच्यामागे लागू नका.

कपडे: इथे कंजुषी नको

संपूर्ण सहलीत हात सैल सोडायची हीच एक जागा. आणि खरेदी निघण्याआधी, घरी असतानाच करायची. बर्गनमध्ये त्याच रेनकोटला दुप्पट-तिप्पट मोजावे लागतात. धक्क्याजवळच्या दुकानात मिळणारा प्लॅस्टिकचा पातळ झगा तर घेऊच नका. आम्ही दोन घेतले. एक तासाभरात काखेत फाटला आणि दुसऱ्याचं वाऱ्याने शीड केलं.

टोपी असलेलं, शिवणींवर आतून पट्टी मारलेलं जलरोधक जाकीट हवं. कापड किती पाणी अडवतं याचा आकडा लेबलवर असतो; तो १०,००० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर निर्धास्त व्हा. त्याच जातीची पँट हवीच, कारण पाऊस आडवा येतो आणि मांड्या आधी भिजतात. पँट नेहमीच्या पँटवरून चढवता येईल इतकी ढगळ घ्या. बूट घोट्याच्या वर येणारे, जलरोधक, खालून पकड असलेले. ब्रुग्गेन या बंदरावरच्या जुन्या व्यापारी वस्तीतल्या लाकडी फळ्या आणि जुन्या गल्ल्यांतले दगड ओले झाले की चिपळूणच्या शेवाळलेल्या पायऱ्यांची आठवण होते.

आतून सुती काही घालू नका. आपल्याला सुती कपड्यांची सवय, पण सूत भिजलं की वाळत नाही आणि अंगाला गारठा धरून ठेवतं. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ बनियन, त्यावर एक फ्लीस, वर जाकीट. जुलैतही दिवसाचा पारा अठरा-एकोणीसच्या आसपास असतो, त्यामुळे हा थर उन्हाळ्यालाही लागतो. मोजे माणशी चार जोड. पाठीवरच्या पिशवीला बाहेरून आवरण असतं, तरी आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून सामान त्यात ठेवा. आजोबांचं इरलं आठवतं. पाठ झाकून दोन्ही हात मोकळे ठेवायची ती युक्ती इथे छत्रीपेक्षा शंभर पटींनी बरी ठरली असती.

विमानतळावरून शहरात

फ्लेसलांद विमानतळावरून शहरात आणणारी खास बस आहे. अर्ध्या तासात पोचवते, पण तिकीट महाग. त्यापेक्षा ब्यूबानेन ही हलकी रेल्वे घ्या. तिचं स्टेशन टर्मिनललाच लागून आहे. ब्यूपार्कन या शहराच्या मध्यावरच्या थांब्यापर्यंत ती साधारण पाऊण तास घेते आणि साधं शहरी तिकीट चालतं, म्हणजे पन्नास क्रोनरच्या आसपास. हे तिकीट दीड तास चालतं, त्यात बसही बदलता येते. वाहतूक कंपनीचं नाव ‘स्कुस’ असं लिहिलेलं दिसतं, उच्चार ‘शुस’च्या जवळचा, तिचं अॅप आधीच फोनवर घ्या. तिकीट गाडीत चढण्यापूर्वी काढायचं. दरवाजावर कुणी विचारत नाही म्हणून मोह होतो, पण तपासनीस आला तर दंड हजार क्रोनरच्या घरात जातो.

ऑस्लोहून येणार असाल तर रेल्वेने या. साडेसहा-सात तासांचा हा मार्ग १९०९ साली पूर्ण झाला आणि वाटेत तो १२०० मीटरहून उंच पठार ओलांडतो. तिकिटाचा दर मागणीप्रमाणे हलतो. दोन-तीन महिने आधी काढलं तर विमानाच्या तोडीस तोड स्वस्त मिळतं. ऑस्लोहून येताना डाव्या बाजूला बसा.

राहायचं कुठे

शहराचा गाभा छोटा आहे, स्टेशनपासून धक्का पायी दहा-पंधरा मिनिटांवर. स्टेशनजवळचं मार्केन गेस्टहाउस आणि सिटीबॉक्ससारखी बिनसेवेची हॉटेलं हे दोन पर्याय बेताच्या पैशांत बसतात. सामायिक खोलीतला पलंग चारशे ते सहाशे क्रोनरला पडतो. उन्हाळ्यात वर जातो. दोघांनी मिळून सिटीबॉक्ससारखी खोली घेतली तर कधीकधी तोच हिशेब येतो, तेव्हा दोन्ही मांडून पाहा.

ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारा. स्वयंपाकघर आहे का, चादर-टॉवेलचे वेगळे पैसे आहेत का, आणि ओले कपडे वाळवायची जागा आहे का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरी जागा बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या बुटांत पाय घालणं हे फार वाईट काम आहे.

नॉर्वेत मोकळ्या रानात तंबू ठोकायचा हक्क १९५७ च्या कायद्याने सगळ्यांना आहे, घरापासून १५० मीटर लांब राहिलं की झालं. हे वाचून आमच्यासारखंच तुमचंही मन उडी मारेल. पण बर्गनच्या डोंगरावर भिजलेल्या तंबूत दोन रात्री काढल्यावर तिसरी रात्र तुम्ही हॉटेलात काढणारच.

जेवण

साध्या उपाहारगृहात एका माणसाचं जेवण दोनशे ते तीनशे क्रोनर. कॉफी पन्नासच्या आसपास. दोन वेळा बाहेर खाल्लं तर खोलीपेक्षा पोटच महाग पडतं. म्हणून दिवसाची सुरुवात रेमा १०००, किवी किंवा एक्स्ट्रा यांपैकी एका दुकानापासून. किवीत ‘फर्स्ट प्राइस’ आणि एक्स्ट्रात ‘एक्स्त्रा’ अशी स्वस्त मालाची घरची छाप असते; पास्ता, डबाबंद छोले, टोमॅटो, ओट्स, पाव तिथून घ्या. रविवारी मोठी दुकानं बंद असतात, एखादं छोटं दुकान उघडं मिळतं आणि ते महाग असतं. शनिवारी संध्याकाळीच दोन दिवसांचं भरून ठेवा.

नॉर्वेजियन माणूस दुपारी कागदात गुंडाळलेला पावाचा डबा खातो. मंत्री असो की मजूर. त्यामुळे बाकावर बसून घरचा डबा उघडायला इथे संकोच वाटत नाही. पावाच्या कापावर ब्राउन चीज हा तिथला खास प्रकार. चव गोडसर, खरवस आणि कॅरमेलच्या मधली कुठली तरी. मला आवडलं, मैत्रिणीने दुसरा घास घेतला नाही. मासे खाणाऱ्यांनी टोमॅटोतल्या मॅकरेलचा डबा, म्हणजे आपला बांगडाच, आणि शीतपेटीतली फिशकेक घ्यावी. फिशकेक नुसती तव्यावर परतायची.

घरून मेतकूट, दाण्याची चटणी, तिखट-मिठाच्या पुऱ्या, भडंग, इन्स्टंट उपमा न्या. तूप, पेढे, बर्फी मात्र नेऊ नका. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. पाणी विकत घेऊ नका, नळाचं उत्तम आहे.

बाहेर खायचंच तर काय? मासळीबाजारात नाही. धक्क्यावरचा तो बाजार तेराव्या शतकापासूनचा, फिरून पाहायला छान, पण तिथल्या ताटाचे भाव पर्यटकांसाठी लावलेले असतात. कोंग ऑस्कर्स गाते या रस्त्यावर ‘त्रेक्रोनेरेन’ ही १९४६ पासूनची सॉसेजची टपरी आहे. रेनडिअरचं सॉसेज, वर लिंगनबेरीचा मुरंबा आणि तळलेला कांदा. उभ्याने खायचं, पावसात. शाकाहारी माणसाने बेकरीतली ‘शिलिंगसबोल्ले’ खावी, दालचिनीची गुंडाळी असलेला मऊ पाव. पूर्वी तो एका शिलिंगला मिळायचा म्हणून हे नाव.

आता फिरणं

पहिल्या दिवशी पाऊस असला तरी ब्रुग्गेनला जा. पावसातच जास्त चांगलं दिसतं. लाल, पिवळ्या, पांढऱ्या तिरक्या लाकडी घरांची ही ओळ हान्सा या जुन्या व्यापारी संघातल्या जर्मन व्यापाऱ्यांची. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून १७५४ पर्यंत त्यांची पेढी इथे होती. उत्तरेकडून, लोफोतेन बेटांवरून वाळवलेला कॉड मासा यायचा, बदल्यात धान्य जायचं. आपल्याकडे वलांडीवर बोंबील वाळतात तसाच हा कॉड मीठ न लावता थंड वाऱ्यावर वाळवतात. आत्ताची घरं १७०२ च्या आगीनंतरची आहेत. १९७९ पासून ती युनेस्कोच्या यादीत आहेत. समोरून फोटो काढून परतू नका. घरांच्या मधल्या बोळात शिरा. वरची छपरं एकमेकांकडे झुकलेली असतात, आत पाऊस कमी लागतो, ओल्या लाकडाचा आणि डांबराचा वास येतो. सगळं फुकट.

एकाच संग्रहालयाचे पैसे भरायचे असतील तर मी इथलंच ब्रुग्गेन्स म्युझियम निवडेन. १९५५ मध्ये वस्तीचा काही भाग जळला, मग तिथे उत्खनन झालं आणि रून या जुन्या उत्तर युरोपीय लिपीत कोरलेल्या शेकडो काठ्या सापडल्या. राजांचे लेख नव्हेत. हिशेब, मालाच्या चिठ्ठ्या, प्रेमाच्या ओळी. एका काठीवर एवढंच कोरलंय की ‘ग्यूदा सांगते, तू घरी ये.’ आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी कुणालातरी गुत्त्यातून बोलावून घेतलं असावं, असा अंदाज करतात.

तिथून पाच मिनिटांवर बर्गनहूस किल्ला. आवारात जायला पैसे पडत नाहीत. १२६१ सालचं राजाचं सभागृह बाहेरून पाहा. २० एप्रिल १९४४ ला बंदरात स्फोटकांनी भरलेलं डच जहाज उडालं, तेव्हा त्याचं छप्पर गेलं होतं; पुढे ते पुन्हा बांधलं.

उघडीप दिसली की बाकी सगळं सोडून डोंगर गाठायचा. फ्लोयेन हा डोंगर शहराच्या पाठीलाच आहे, त्यावरचा शहर दिसणारा कट्टा ३२० मीटरवर. १९१८ पासून त्यावर फ्लोयबानेन ही दोरावरची रेल्वे चालते. लोक रांग लावून जाण्या-येण्याचं तिकीट काढतात. तुम्ही फ्लोयबानेनच्या स्टेशनच्या बाजूने स्कान्सेनच्या पांढऱ्या लाकडी अग्निशमन केंद्राकडे चढत जा. पुढे नागमोडी चांगला रस्ता थेट माथ्यापर्यंत आहे. सिंहगड चढणाऱ्याला हा पाऊण तासाचा फेरफटका. वाटेत भिजलात तरी चालल्यामुळे अंग गरम राहतं. वरून बंदर, बेटं आणि खाडी दिसते. ढगात सापडलात तर दहा मिनिटं थांबा, पडदा सरकतो. रेल्वेत बसायची हौस असेल तर फक्त उतरतीचं तिकीट काढा. मोठं क्रूझ जहाज बंदरात उभं असेल त्या दिवशी सकाळी लवकर किंवा रात्री आठनंतर जा, उन्हाळ्यात तेव्हाही लख्ख उजेड असतो.

दम असेल तर ६४३ मीटरचा उलरिकेन. त्याच्या दगडी पायऱ्या नेपाळहून आलेल्या शेर्पांनी रचल्या आहेत, १३०० च्या वर. उलरिकेन ते फ्लोयेन अशी पठारावरची वाट पाच-सहा तासांची, अतिशय सुंदर. पण धुकं असेल किंवा यरवर वाऱ्याचा इशारा असेल तर तिकडे फिरकू नका. मेच्या मध्यापर्यंत वर बर्फही असतो. इथे कुणी वाटाड्या मागे येत नाही.

दिवसभर झड लागली तर माझी आवडती जागा जमिनीखाली आहे. लोव्स्ताक्केन डोंगराच्या पोटातून पादचारी आणि सायकलींसाठी बांधलेला २.९ किलोमीटरचा बोगदा २०२३ साली उघडला. ब्यूबानेनच्या दोन नंबरच्या गाडीने क्रिस्तियानबोर्गला उतरा, बोगद्यातून चालत फुल्लिंग्सदालेनला जा आणि गाडीने परत या. आत रंगीत दिवे, मध्यावर एक मोकळी कलाकृतीची जागा, शेजारून पळणारी बर्गनची म्हातारी माणसं. खर्च तिकिटापुरता. चालून दमलात की स्टेशनजवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसा. ऊब आहे, खुर्ची आहे आणि काही विकत घ्यायची सक्ती नाही. पहिल्या दिवशी हे ठाऊक असतं तर आमच्या दोन कॉफ्या वाचल्या असत्या.

फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी, पाहिल्याशिवाय नॉर्वेहून कसं परतायचं, असं सगळ्यांना वाटतं. रेल्वे, बोट आणि बस जोडून केलेली दिवसभराची प्रसिद्ध सहल सुंदर आहे, पण तेवढ्यात तुमचे दोन-तीन दिवसांचे पैसे जातात. मी दोन गोष्टी केल्या. स्त्रांदकाइएन धक्क्यावरून आस्कोय बेटावर क्लेप्पेस्तोला जाणारी प्रवासी बोट घेतली. नोकरदारांची रोजची बोट, दहा-बारा मिनिटांची, आणि शहराकडे परतताना सात डोंगरांच्या पायथ्याचं सगळं बंदर समोर उलगडतं. दुसऱ्या दिवशी रेल्वेने वोसला गेले. १८८३ चा हा मार्ग, सव्वा तासाचा. बराच वेळ रूळ फ्योर्डच्या पाण्याला चिकटून जातात. जाताना डावीकडची खिडकी पकडा. पावसात कड्यांवरून पांढऱ्या रेघा उतरतात. वरंध घाटात जुलैत दिसतं तेच, फक्त खाली समुद्राचं पाणी.

बर्गन कार्ड घ्यावं का? त्यात शहरी वाहतूक आणि बरीचशी संग्रहालयं फुकट किंवा सवलतीत येतात. दिवसाला दोन संग्रहालयं पाहणार असाल तर घ्या. मी सांगितलं तसं फिरणार असाल तर गरज नाही, शुसचं चोवीस तासांचं किंवा आठवड्याचं तिकीट पुरतं.

हिशेब

विमान आणि व्हिसा वगळून माणशी दिवसाला आठशे ते हजार क्रोनर धरा: पाचशेच्या आसपास पलंग, दोनशे शिधा, शंभर-सव्वाशे प्रवास, उरलेले एखाद्या संग्रहालयाला किंवा टपरीला. रुपयांत सात ते नऊ हजार. दारू यात धरलेली नाही. पबमधला बिअरचा ग्लास शंभर क्रोनरच्या वर जातो, दुकानातली बिअर शनिवारी संध्याकाळी सहानंतर मिळत नाही आणि वाइन फक्त सरकारी दुकानात.

निघायच्या आदल्या रात्री बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, सकाळपर्यंत बरीच ओल शोषली जाते. ओलं जाकीट बॅगेत कोंबू नका, अंगावरच घाला. आणि चार दिवसांत साठलेल्या शीतपेयांच्या बाटल्या-डबे फेकू नका. प्रत्येकावर दोन-तीन क्रोनर अनामत घेतलेली असते. किवीच्या दाराशी असलेल्या यंत्रात त्या एकेक टाकायच्या, बटण दाबायचं, पावती घ्यायची. आमच्या पावतीवर स्टेशनासमोर खायला दोन केळी आणि एक शिलिंगसबोल्ले आली, तीही अर्धी अर्धी.